अर्ध्या किंमतीची गाडी

धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत, असें आपल्याकडे म्हणतात. दात्याच्या औदार्याला उणेपणा येऊं नये, हा त्या म्हणण्याचा हेतु. परंतु जी गाय धर्माचीहि नाहीं आणि पुऱ्या मोलाचीहि नाहीं, जी कोणी अर्ध्या किंमतीला पुढें करतो, तिचे दांत मोजावे कीं न मोजावे? आणि मोजून ते कमी भरले, तर ती घ्यावी कीं न घ्यावी? प्रश्न वरवर पाहतां व्यवहाराचा दिसतो, आणि व्यवहाराचे प्रश्न सोडवून घेण्यासाठीं लोक प्राध्यापकाकडे सहसा येत नाहींत. तथापि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तो मला २०२२ सालीं विचारला, आणि ज्या स्वरूपांत विचारला त्या स्वरूपांत तो नीतीचाच प्रश्न होता. म्हणून त्याची चर्चा येथें करण्यास हरकत नसावी.

हा गृहस्थ एका तालुक्याच्या गांवीं शाळामास्तर आहे. घरीं वृद्ध आई, पत्नी आणि दोन मुलें. एखादें स्थळ सांगून यावें तशी त्याला एक मोटारगाडी सांगून आली होती. चार वर्षें वापरलेली, रंग तजेलदार, बैठकी नव्या. बाजारांत तसल्या गाडीला साडेचार लाख रुपये सहज पडले असते. ही सव्वादोन लाखांना मिळत होती. कारण काय, तें विकणाऱ्यानेंच सांगून टाकलें होतें. तो चिपळूणचा एक लहान दुकानदार. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी शहरांत शिरलें, तेव्हां ही गाडी बैठकींच्या वरपर्यंत बुडालेली होती. मागाहून ती उघडून, वाळवून, दुरुस्त करून घेतली. आतां ती चालते. "सर," माझा विद्यार्थी म्हणाला, "तो कांहीं लपवीत नाहीं आणि मी डोळे मिटून घेत नाहीं. येथें फसवणारा नाहीं, फसणाराहि नाहीं. मग ही गाडी घेण्यांत गैर तें काय?"

प्रश्न चांगला आहे, कारण त्यांतून लबाडीचा भाग आधींच गाळून काढलेला आहे. एरवीं पुरांतून निघालेल्या गाड्यांची गोष्ट निघाली कीं आपण लागलीच दलालांच्या नांवानें बोटें मोडूं लागतों, आणि विचार तेथेंच थांबतो.

आधीं पाणी यंत्राचें काय करतें, तें पाहिलें पाहिजे. कारण नीतीचा हा सारा गुंता वस्तूच्या स्वभावांतून उत्पन्न झालेला आहे. पूर ओसरल्यावर चिपळूणच्या लोकांनीं घरें धुतलीं, भांडीं घासलीं, आणि ते पुन्हा त्याच घरांत राहूं लागले. पितळेचा हंडा चिखलांतून काढून चिंचेनें घासला म्हणजे तो पूर्वीचाच हंडा होतो; त्याच्या पोटांत पुराची आठवण राहात नाहीं. भिंतींत ओल राहते, पण ती डोळ्याला दिसते, नाकाला कळते. पन्नास वर्षांपूर्वींची मोटारहि बरीचशी हंड्याच्याच जातीची होती: लोखंड, रबर आणि मोजक्या तारा. जाणता मिस्त्री ती सुटी करी, पुसून, तेल बदलून पुन्हा जोडी, आणि गाडी चालूं लागे. आजची गाडी तशी नाहीं. एंजिनाला इंधन किती द्यावें, ब्रेक किती आवळावा, धडकेच्या क्षणीं एअरबॅग फुगवावी कीं नाहीं, हें ठरविणारीं लहान लहान विजेचीं यंत्रें तिच्या अंगांत ठिकठिकाणीं बसविलेलीं असतात. त्यांना जोडणाऱ्या तारांचे कितीएक झुबके पायांखालच्या कार्पेटच्या खालून गेलेले असतात. म्हणजे पाणी जेथें आधीं येतें आणि जेथून सर्वांच्या शेवटीं जातें, नेमके तेथूनच.

एंजिनाचें नुकसान त्या मानानें प्रामाणिक म्हटलें पाहिजे. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं; तेव्हां सिलिंडरांत पाणी असतां कोणीं उतावीळपणें गाडी सुरू केली, तर पिस्टनचा दांडा वांकतो, आणि हें बहुधा त्याच वेळीं कळून येतें. पुरांतून निघालेली गाडी जागेवर सुरू करून पाहूं नये असें सांगतात, तें यामुळेंच. खरें कपट तारांच्या सांध्यांत आहे. पाणी निघून जातें, पण त्यानें आणलेला गाळ आणि क्षार तांब्याच्या टोंकांवर राहतात, आणि तेथें हिरवट गंज धरूं लागतो. तो आज दिसत नाहीं. सहा महिन्यांनीं, कधीं वर्षानें, एखाद्या दिव्याच्या लुकलुकण्यांतून आपलें अस्तित्व कळवितो. ब्रेकचें तेल तर स्वभावतःच पाणी शोषून घेणारें. आणि एअरबॅगची गोष्ट सर्वांत विलक्षण. जें साधन गाडीच्या सबंध आयुष्यांत कदाचित् एकदांच, आणि तेंहि डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत, उपयोगीं पडावयाचें, त्याची खरी परीक्षा त्या एका प्रसंगींच होणार. तें बिघडलें असल्यास सांगणारा एक दिवा पुढें असतो खरा. पण तो दिवाहि त्याच भिजलेल्या तारांच्या साक्षीवर लागावयाचा.

गाडी पाण्यांतून निघालेली आहे कीं काय, हें ओळखण्याच्या युक्त्या जाणते लोक सांगतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे काय तें पाहावें. बैठकींखालचे रूळ गंजले आहेत काय, पुढच्या दिव्यांच्या काचेंत आंतून धुकें धरतें काय, तें पाहावें. कुबट वास येतो काय, अथवा तो झांकण्यासाठीं कोणीं उग्र सुगंध मारून ठेवला आहे काय, तें हुंगावें. या युक्त्या चांगल्या आहेत. परंतु आपल्या प्रश्नांत त्यांचा उपयोग नाहीं. गाडी बुडाली होती हें येथें कबूलच आहे. पुढें काय बिघडणार, केव्हां बिघडणार, हें मात्र घेणाऱ्याला ठाऊक नाहीं, आणि विकणाऱ्यालाहि ठाऊक नाहीं. प्रामाणिक दुकानदार गाडीचा इतिहास सांगूं शकतो. तिची आजची प्रकृति त्याच्याहि आवांक्याबाहेरची आहे. अर्धी किंमत कमी झाली आहे ती या अज्ञानापोटीं.

विकणाऱ्यानें काय सांगावें आणि काय न सांगितलें तरी चालेल, यावर जगांत पुष्कळ खल झालेला आहे. इ. स. पूर्वीं ४४ मध्यें सिसेरोनें आपल्या मुलासाठीं कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत बाबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर या दोन स्टोइक पंडितांचा वाद दिलेला आहे. एक मनुष्य घर विकावयास काढतो. घर रोगट, लांकूड वाईट, निजण्याच्या खोल्यांतून सरपटणारे प्राणी निघतात; आणि हें धन्यावांचून कोणालाच ठाऊक नाहीं. डायोजिनीसाचें म्हणणें असें कीं, कायद्यानें जेवढें सांगावयाचें तेवढें सांगितलें म्हणजे झालें. न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे, आणि घर घ्याच म्हणून कोणीं कोणावर सक्ती केलेली नाहीं. रोगट घर विकणें आहे अशी दवंडी कोणी पिटतो काय, असा त्याचा उपहासहि आहे. अँटिपेटरचें उत्तर असें कीं, वाट चुकलेल्याला वाट न दाखविणें हें जर पाप, तर एखाद्याला जाणूनबुजून चुकूं देणें त्याहून मोठें पाप. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे.

आपला १८७२ चा करारांचा कायदा मात्र बराचसा डायोजिनीसाच्या पंथाचा. त्याच्या सतराव्या कलमाखालीं घोड्याचीं उदाहरणें दिलेलीं आहेत. घोडा अधू आहे हें ठाऊक असून लिलावांत विकणारा गप्प बसला, तर ती फसवणूक नव्हे. परंतु घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर सांगणें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि तुम्ही इन्कार केला नाहींत तर घोडा धड आहे असें मी समजेन, असें घेणाऱ्यानें बजावल्यावरहि जो गप्प राहील, त्याचें मौन बोलण्याबरोबरच धरावयाचें. कायद्याच्या रूक्ष पानांत ही बापलेकीची जोडी कोठून आली कोण जाणे. पण ज्यानें ती घातली त्याला मनुष्यस्वभाव कळत होता.

आपले जुने धर्मशास्त्रकारहि या बाबतींत उदासीन नव्हते. याज्ञवल्क्यस्मृतींत विकत घेतलेल्या वस्तूची परीक्षा पाहण्यास मुदती घालून दिलेल्या आहेत: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझें वाहणाऱ्या जनावराला पांच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. मोटार यांपैकीं कशांत घालावी, असा विनोदी प्रश्न माझ्या मनांत येतो. कामानें ती ओझ्याचें जनावर, अंगानें लोखंड. परंतु पुरांत भिजलेली मोटार खरें पाहतां बियाण्याच्या जातीची आहे. तिच्यांत काय पेरलें गेलें, हें उगवल्याशिवाय कळत नाहीं. आणि तें उगवावयास दहा दिवस पुरत नाहींत.

या साऱ्या चर्चेंत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सांभाळावयाचें तें विकणाऱ्यानें, घेणारा बिचारा. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न या चौकटींत मावत नाहीं. त्याला सर्व सांगितलेलें आहे. डायोजिनीस संतुष्ट, अँटिपेटर संतुष्ट, कायदाहि संतुष्ट. तरीहि कांहीं उरतें काय?

पहिल्यानें मला वाटलें तें असें कीं, सौद्यांत माणसें दोनच असलीं तरी गाडींत आणि रस्त्यावर तेवढींच नसतात. मागच्या बैठकीवर जी म्हातारी आई बसेल, तिला कोणीं विचारलेलें नाहीं. वळणावर ब्रेक न लागल्यास जो सायकलवाला पुढें येईल, त्यालाहि विचारलेलें नाहीं. बचत एकाची आणि धोका दुसऱ्याचा, ही वांटणी न्याय्य नव्हे. हें मी बोलून दाखविलें, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "सर, आज आम्ही चौघें एका मोटारसायकलवर बसतों." या उत्तराला तोड नाहीं. त्याच्यापुढें निवड होती ती भिजलेली गाडी आणि कोरडी गाडी यांच्यांत नव्हतीच. ज्याच्या दारांत कोरडी गाडी उभी आहे, त्यानें हें विसरूं नये. अर्थात् ब्रेक, चाकें व सुकाणू यांची तपासणी आपल्या विश्वासाच्या मिस्त्र्याकडून करून घेतल्यावांचून गाडी रस्त्यावर आणावयाची नाहीं, एवढी अट राहतेच, आणि ती त्यालाहि मान्य होती.

मग मीं त्याला दुसरा प्रश्न केला: ही गाडी तूं पुढें विकणार कशी?

हा प्रश्न त्यानें मनाशीं केलेला नव्हता असें नाहीं. त्यानें सर्व हिशेब मांडलेला होता, आणि मास्तराच्या स्वच्छ अक्षरांत मांडलेला होता. कोरडी गाडी साडेचार लाखांना घेऊन पांच वर्षें वापरली, तर त्याच्या अंदाजानें दोन लाखांना जाईल; म्हणजे खर्च अडीच लाख. भिजलेली सव्वादोन लाखांना घेतली, तिच्यावर आणखी पन्नास हजार घातले, म्हणजे पावणेतीन झाले. पांच वर्षांनीं तिचे दोन लाख आले, तर खर्च अवघा पाऊण लाख. पावणेदोन लाखांची बचत! मीं त्या शेवटच्या दोन लाखांवर बोट ठेवलें. कोरड्या गाडीचे दोन लाख येतील तें ती कोरडी म्हणून. हिचे दोन लाख कशामुळें येतील? पुढच्या गिऱ्हाइकाला त्या दुकानदारानें तुला सांगितलें तसें सर्व सांगितलेंस, तर नऊ वर्षांच्या, पुरांत बुडालेल्या गाडीला कोणी किती देईल? त्यानें विचार करून पन्नास हजार म्हटलें. तसें धरलें तर खर्च सव्वादोन लाख होतो, आणि बचत पंचवीस हजारांची राहते.

हे आंकडे एका माणसाच्या अंदाजाचे आहेत. दुसऱ्याचे थोडे निराळे येतील. परंतु त्यांच्यांतून जें दिसतें तें मला फार महत्त्वाचें वाटतें. ज्या स्वस्ताईनें तो हरखून गेला होता, तिच्यांतले दीड लाख रुपये चिपळूणच्या दुकानदारानें सोडलेले नव्हतेच. ते अजून न भेटलेल्या एका माणसाच्या खिशांतून यावयाचे होते, आणि ते येण्याची अट एकच होती: त्या दिवशीं गप्प बसणें. गाडी घेतांना कोणी कोणाला फसवीत नव्हतें हें खरें. पण पांच वर्षांनंतरची फसवणूक आजच जमेला धरलेली होती. घेण्याचा निर्णय हा अशा रीतीनें विकण्याचाहि निर्णय असतो. पंचवीस हजारांच्या बचतीसाठीं आणि एकदम साडेचार लाख उभे करावे लागत नाहींत या सोयीसाठीं ही गाडी घ्यावीशी वाटत असेल, तर खुशाल घ्यावी. तीं दोन्ही कारणें चोख आहेत, आणि हातीं भांडवल नसलेल्याला दुसरें कारण पहिल्याहून मोठें. दीड लाखांसाठीं घ्यावयाची असेल, तर गुन्हा अजून घडलेला नाहीं एवढेंच समाधान.

यावर कोणी म्हणेल कीं, मी पुढच्याला सांगेनच. हा निश्चय आज करणें सोपें आहे, कारण आज त्याला कांहीं पडत नाहीं. पांच वर्षांनीं मुलीची कॉलेजची फी भरावयाची असेल, गाडी पांच वर्षें बिनतक्रार चाललेली असेल, आणि मन म्हणूं लागेल कीं, आतां तें जुनें उकरून काढण्यांत काय अर्थ? सत्य असें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना झिजत जातें. पहिला म्हणतो, गाडी बैठकींपर्यंत बुडाली होती. दुसरा म्हणतो, थोडेंसें पाणी आलें होतें. तिसरा, विचारलें तरच, कधीं पावसापाण्यांतून गेली असेल म्हणतो. आणि चवथ्याला खरोखरच कांहीं ठाऊक नसतें, त्यामुळें तो शपथेवर खोटें बोलतो आणि तरीहि निर्दोष राहतो. अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारींच्याच बाजाराचें उदाहरण घेऊन दाखविलें कीं, चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हें घेणाऱ्याला ओळखतां येईनासें झालें म्हणजे तो सर्वांनाच वाईटाच्या मानानें किंमत देऊं लागतो, आणि मग चांगल्या गाडीचा धनी बाजारांतून अंग काढून घेतो. २००१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तें या विचाराच्या बळावर. पुरांतली गाडी गुपचूप विकणारा आपल्या गिऱ्हाइकालाच नव्हे, तर आपली कोरडी गाडी सचोटीनें विकूं पाहणाऱ्या शेजाऱ्यालाहि बुडवीत असतो.

म्हणून मीं माझ्या विद्यार्थ्याला सुचविलें कीं, तोंडच्या निश्चयावर विसंबूं नये. विक्रीच्या कागदावरच लिहून घ्यावें: ही गाडी अमुक दिवशीं पुरांत बुडालेली होती. तो कागद नोंदणीच्या कागदांसह ठेवावा, म्हणजे पांच वर्षांनीं गप्प बसावयाचें झाल्यास निदान एक कागद फाडावा लागेल. आणि कागद फाडतांना माणसाला आपण काय करतों आहों हें कळतें. त्याला तें पटलें. पुढें जें झालें तें मला अपेक्षित नव्हतें. जो दुकानदार सर्व सांगावयास तयार होता, तो लिहून द्यावयास तयार होईना. वास्तविक तसें लिहून दिल्यानें त्याचेंच रक्षण झालें असतें. सांगितलें नाहीं असें उद्यां कोणालाहि म्हणतां आलें नसतें. परंतु कागदाचें भय आपल्याकडे जुनें आहे. सौदा मोडला. ती गाडी नंतर कोणीं तरी घेतलीच, आणि त्याला काय सांगितलें गेलें हें कळण्यास मार्ग नाहीं.

त्या दुकानदाराला मी दोष देऊं इच्छीत नाहीं. पूर त्यानें आणला नव्हता. दुकान बुडालें, माल कुजला, आणि गाडीचा विमा होता तो कायद्यानें सक्तीचा तेवढाच, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक, आणि पैशाची ओढाताण असली कीं माणूस आधीं तोच सोडतो. नुकसान तर होऊन गेलेलें. तें कोठें तरी पडणारच. तें सारें त्याच्यावरच कां पडावें, असें त्यानें विचारलें तर तो कांहीं अन्यायाचें विचारीत नाहीं. विम्याची मूळ कल्पनाच ही कीं, एकावर कोसळलेलें ओझें हजारांनीं चिमूट चिमूट वांटून घ्यावें. मुकाट्यानें केलेली विक्री मात्र सबंध ओझें उचलून दुसऱ्या एकाच्याच डोक्यावर ठेवते, आणि हा दुसरा निवडते तो केवळ त्याला ठाऊक नाहीं म्हणून.

हा प्रश्न एका गाडीचा असता तर मीं एवढी शाई खर्चिली नसती. २६ जुलै २००५ रोजीं संपलेल्या नव्हे, त्या दिवशीं सुरू झालेल्या पावसानें सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरांची नोंद केली. २०१५ च्या डिसेंबरांत चेन्नई बुडाली, २०१८ च्या ऑगस्टांत केरळ, २०१९ च्या ऑगस्टांत कोल्हापूर व सांगली. त्या त्या वेळीं पाण्याखालीं गेलेल्या सर्व गाड्या भंगारांत गेल्या, असें कोणीं समजूं नये. विमा असलेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विमा उतरलेल्या किंमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर ती पूर्ण नष्ट झाली असें कंपनी धरते आणि धन्याला पैसे देते. पण तो सांगाडा लिलावांत जातो, आणि लिलावांत बोली करणारा प्रत्येकजण भंगारवालाच असतो असें नाहीं. आपल्या नोंदणीच्या कागदावर चॅसीचा क्रमांक असतो, एंजिनाचा क्रमांक असतो, रंग असतो, किती माणसें बसावीं हेंहि असतें; ती कधीं बुडाली होती काय, याला रकाना नाहीं. अमेरिकेंतील संस्थानांतून अशा गाडीच्या मालकीच्या कागदावर तशी खूण करण्याची पद्धत आहे. तेथेंहि लोक ती गाडी ज्या संस्थानाचे नियम सैल असतील तेथें नेऊन नवा कागद काढतात आणि खूण नाहींशी करतात. २००५ च्या कतरिना वादळानंतर हा प्रकार फार गाजला. त्या देशांत या विद्येला कागद धुणें असेंच म्हणतात. तरीहि खूण असणें हें नसण्यापेक्षां बरें. निदान ती धुण्यास कष्ट पडतात.

असा रकाना आपल्याकडे आला तर चिपळूणच्या त्या दुकानदाराला आपल्या गाडीचे सव्वादोन लाखहि मागतां येणार नाहींत. तो तक्रार करील, आणि ती तक्रार खोटी नसेल. पण मग ती पूरग्रस्तांच्या मदतीचे निकष ठरविणाऱ्यांकडे आणि विम्याचे दर ठरविणाऱ्यांकडे जाईल, जेथें तिला उत्तर देण्यासाठीं कोणी तरी नेमलेला असतो. आज ती जाते एका अनोळखी गिऱ्हाइकाकडे. आणि ती त्याला कळते तेव्हां बहुधा रात्र असते, गाडी घाटांत बंद पडलेली असते, आणि मागच्या बैठकीवर मुलें झोंपलेलीं असतात.